कमी बोलणारा तपासनीस

पोलीसकथेतील जुनाजाणता तपासनीस प्रथमदर्शनी कोणाला आवडावा असा नसतो. तो बोलतो कमी, आणि बोलतो तेव्हा तुटक. वरिष्ठांनी घाई केली की त्याच्या कपाळावर आठी पडते. प्रतिष्ठिताच्या दिवाणखान्यात त्याला चहाही नको असतो. मात्र त्याच घराच्या मागील दारी बसलेल्या रखवालदारापाशी तो घटकाभर टेकतो, इकडचेतिकडचे ऐकतो आणि एकच प्रश्न विचारून उठतो. असा हा रुक्ष माणूस. तरी वाचक त्याच्यामागून शेवटच्या पानापर्यंत निमूटपणे चालत जातो. या ओढीचे कारण शोधू गेल्यास ते व्यापारी कुटुंबांच्या रोजच्या व्यवहाराच्या फार जवळचे निघते.

फ्रेंच भाषेत लिहिणारे बेल्जियन लेखक जॉर्ज सिमेनाँ यांचा कमिसार मेग्रे हा या घराण्यातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध पुरुष. ७५ कादंबऱ्या आणि २८ कथा एवढा त्याचा विस्तार आहे. दांडगा देह, तोंडात पाइप आणि मोजके शब्द ही त्याची ओळख. राखेच्या कणावरून सारा गुन्हा ओळखून उपस्थितांना थक्क करण्याची हौस त्याला नाही. ज्या घरात गुन्हा घडला तेथे तो जाऊन बसतो. त्या घरातील माणसे कोणाला भितात, पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, जेवताना कोण कोणाकडे पाहत नाही, हे तो न्याहाळतो. गुन्हेगार हाती लागल्यावरही त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद क्वचितच दिसतो. अशा पात्राला लघुकथा फार मानवते. एक गुन्हा, एक गल्ली, दोनचार दिवस आणि शेवटी माणसाच्या मनाची उकल. एवढ्यात ती पुरी होते.

मराठीत रहस्यकथेची परंपरा समृद्ध आहे. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय या त्यांच्या नायकांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. परंतु हे नायक साहसी, चपळ आणि चमत्कृतिपूर्ण. ठाण्यात बसून कागद चाळणारा, निवृत्तीकडे झुकलेला, कमी बोलणारा अधिकारी त्या परंपरेत सहसा केंद्रस्थानी येत नाही. मुंबईच्या गुन्हे शाखेतील इन्स्पेक्टर गणेश घोटे हा जगभर वाचला गेला खरा, पण तो निर्माण केला एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने. १९६४ मध्ये घोटे यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाने भारत पाहिलाही नव्हता. घोटे यांच्या कथांचा संग्रह १९८९ मध्ये निघाला. घोटे रुक्ष नाहीत, उलट बुजरे आहेत. वरिष्ठांची बोलणी मुकाट्याने ऐकून घेतात. मात्र हाती घेतलेला धागा न सोडण्याची चिकाटी त्यांच्यातही तीच आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवरील खऱ्या तपासाच्या कथा ज्यांना वाचावयाच्या असतील, त्यांच्यासाठी रमाकांत कुलकर्णी या नामवंत पोलीस अधिकाऱ्याचे ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ हे इंग्रजी पुस्तक आहे. त्यातील प्रकरणे लघुकथांसारखी वाचता येतात. भेद एवढाच की त्यांतील मृत माणसे खरी आहेत.

१९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत भयाचे सावट होते. झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या गोरगरिबांची रात्रीच्या अंधारात जड वस्तूचे घाव घालून हत्या होत होती. लोक रात्रभर पहारे देऊ लागले. गुन्हे शाखेचे उपायुक्त म्हणून कुलकर्णी यांच्याकडे या तपासाची सूत्रे होती. ऑगस्ट महिन्यात अ‍ॅलेक्स फियालो या उपनिरीक्षकाने जुन्या नोंदीतील छायाचित्रावरून रस्त्यात एका माणसाला ओळखले. तोच रामन राघव. अटकेनंतर त्याने बराच काळ तोंड उघडले नाही. अखेर त्याने हवे ते जेवण मागितले, ते त्याला मिळाले, आणि मग तो बोलू लागला. ज्याच्या नावाने शहराची झोप उडाली होती, त्याचे मौन साध्या भोजनाने सुटले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

त्याहून महत्त्वाचे ते पुढे घडले. कबुली मिळाली म्हणून तपास तेथे थांबला नाही. आरोपीने शहरभर फिरून जागा दाखवल्या, लपवलेले हत्यार दाखवले. बोटांचे ठसे जुन्या नोंदींशी ताडले गेले. न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने मनोविकारतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली, तो गंभीर मनोरुग्ण असल्याचे निष्पन्न झाले आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. ज्याने इतक्यांचे जीव घेतले त्याच्याही मनाची तपासणी करण्याइतका धीर त्या व्यवस्थेने दाखवला.

मात्र या कथेला दुसरी, बोचरी बाजूही आहे. काही वर्षांपूर्वी अशाच हल्ल्यांच्या पहिल्या सत्रात हाच माणूस पोलिसांना संशयितरीत्या वावरताना आढळला होता. पुरावा नसल्यामुळे त्याला सोडावे लागले, आणि नंतर पुन्हा माणसे मेली. संयमाची किंमत कधीकधी अशी भयंकर असते. ‘तेव्हाच बडवून कबूल करून घेतले असते तर?’ असा प्रश्न वाचकाच्या मनात उठतो. परंतु त्या काळात पोलिसांच्या नजरेस पडलेल्या प्रत्येक निराधार, वेडसर माणसाला बडवले असते, तर कबुल्या अनेक मिळाल्या असत्या. त्यांतील खरी कोणती हे मात्र कोणालाच कळले नसते, आणि एखादा निरपराध तुरुंगात असताना खरा मारेकरी रस्त्यावरच राहिला असता. उणीव होती ती पुराव्याची. ती भरून निघते ती अधिक कसून केलेल्या शोधाने.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली व स्त्रिया यांच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या अंधश्रद्धेतून गेलेले हे बळी. त्या तपासासाठीही कुलकर्णी यांना मुंबईहून पाठवण्यात आले. भयाने तोंड मिटून बसलेल्या गावात बाहेरचा अधिकारी जातो तेव्हा त्याच्याजवळ शस्त्रापेक्षा कान मोठे असावे लागतात. २०२४ मध्ये याच प्रकरणावर आलेल्या ‘मानवत मर्डर्स’ या मराठी मालिकेत आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णी यांची भूमिका केली, आणि नव्या पिढीला हे नाव पुन्हा परिचयाचे झाले.

आता प्रश्न असा की, अशा कथांचा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील पेढीवर बसणाऱ्या वाचकाशी संबंध काय? ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात, परिमंडळ चारमध्ये येतात. गजानन मार्केटमधील कापडाचे दुकान असो, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील गोदाम असो की बदलापूरच्या नव्या वस्तीतील सराफी पेढी असो; गल्ल्यातील रक्कम कमी भरली किंवा मालाचा तागा नाहीसा झाला, की पहिली नजर कोणाकडे वळते? बहुधा सर्वांत नव्या, सर्वांत गरीब आणि परगावाहून आलेल्या नोकराकडे. शेठ ठाण्यात जातात ते अनेकदा चोरीची हकिकत घेऊन नव्हे, तर एक नाव घेऊन. ‘साहेब, याला जरा विचारा’ या वाक्यातील ‘जरा’ या शब्दाचा अर्थ बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून असतात.

अशा वेळी समोर कथेतला तो रुक्ष अधिकारी बसलेला असेल तर तो काय करील? तो नावाचा कागद बाजूला सारील आणि विचारील: किल्ल्या कोणाकोणाकडे असतात? शेवटची मोजदाद कधी झाली? मालाची नोंदवही कोण लिहितो? दुकानाच्या बाहेरचा पण घरातला असा कोण येतो-जातो? पुतण्याला कर्ज झाले आहे काय? हे प्रश्न शेठना झोंबतात. आपण फिर्यादी असून आपल्याच घराची झडती चालली आहे, असे त्यांना वाटते. परंतु ज्याने पन्नास चोऱ्या पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते की, कुलूप न तुटता माल जातो तेव्हा किल्लीचा हिशेब आधी घ्यावा लागतो. त्याचा रुक्षपणा अपमानासाठी नसतो. मालकाला आणि नोकराला तो एकाच स्वरात प्रश्न विचारतो, एवढाच त्याचा अर्थ. नोकराला मात्र तो स्वर आयुष्यात प्रथमच समानतेचा वाटण्याचा संभव असतो.

कायदाही याच माणसाच्या बाजूने उभा आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे तत्त्व होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ते कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून चोरीची वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे मारून मिळवलेल्या चार वाक्यांपेक्षा सापडलेल्या एका ताग्याचे मोल अधिक. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे बंधनकारक झाले आहे. गुन्हा हद्दीबाहेर घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने नोंदवून घ्यावयाची असते, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. व्यापाऱ्याने करावयाचे काम यावरून स्पष्ट होते. नोंदवही अद्ययावत ठेवावी, खरेदीची बिले जपावीत, कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्यापूर्वी सुरक्षित करावे, आणि संशय सांगावयाचाच असेल तर त्याचे कारणही सांगावे. कारण नसेल तर नाव घेऊ नये. खोटा आळ घेणे, म्हणजे अभ्याख्यान, हे अठरा पापस्थानकांत गणले गेले आहे ते उगाच नव्हे. गेलेला माल विम्यातून किंवा पुढील हंगामातून भरून निघतो. चोर म्हणून बाजारातून हाकलल्या गेलेल्या मुलाची अब्रू कोणत्याही हंगामात भरून निघत नाही.

या तीन शहरांना धीर आणि घाई यांचा अर्थ नव्याने सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, आणि २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलीस वाहनात असताना गोळी लागून मरण पावला. काही ठिकाणी मिठाई वाटली गेली. उच्च न्यायालयाने मात्र या मृत्यूबाबत कठोर प्रश्न विचारले. त्या मुलींच्या घरच्यांचा संताप अस्सल होता, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. तरीही एक गोष्ट उरतेच. जेथे घाई हवी होती तेथे, तक्रार घेताना, विलंब झाला. आणि जेथे धीर हवा होता तेथे, न्यायालयात पुरावा उभा राहण्याच्या आधीच, सारे संपले. आरोपीविरुद्धचा पुरावा साक्षीदारांच्या तोंडून, उलटतपासणीला टिकून, निकालपत्रात लिहिला जाण्याचा मार्ग त्या दिवशी बंद झाला.

कथेतला जुनाजाणता तपासनीस नेमका उलट वागतो. फिर्याद ऐकताना तो घड्याळ पाहत नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी वही उघडतो. आणि निष्कर्षाला येताना मात्र तो कोणाच्या दडपणाखाली पाऊल उचलत नाही. मोर्चा दाराशी असो वा मंत्र्यांचा दूरध्वनी येवो, ‘अजून नाही’ एवढेच त्याचे उत्तर असते. त्याच्या कोरड्या शब्दांमागे वाचकाला जो दिलासा वाटतो तो याच दोन गुणांचा.

व्यापारी घरांत या कथा तरुण मुलामुलींच्या हाती अवश्य द्याव्यात. उद्या गल्ल्यावर तीच बसणार आहेत, आणि कधीतरी हिशेबात हजार-दोन हजारांची तूट त्यांच्याच समोर येणार आहे. त्या क्षणी नोकराला हाक मारण्यापूर्वी त्यांनी रोजमेळ पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून तपासला, तर पुस्तकाची किंमत वसूल झाली असे समजावे.