‘घरी जा’ म्हणजे कुठे जा?

साथ आली की आपल्याकडे सर्वांत आधी निघते ते परिपत्रक. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की...’ हे संबंधित कोण, त्यांनी नेमके काय करायचे आणि ते न जमल्यास कोणाचे दार ठोठवायचे, हे मात्र बहुधा कळविण्यात येत नाही. उभी नोकरी बँकेत परिपत्रके वाचण्यात गेल्यामुळे एक गोष्ट मला पक्की कळली आहे. काही परिपत्रके वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, बाकीची लिहिणाऱ्याच्या बचावासाठी.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात, १३ मार्चला, राज्यात साथरोग कायदा लागू झाला. महाविद्यालये बंद झाली आणि अनेक वसतिगृहांनी मुलांना खोल्या रिकाम्या करायला सांगितले. हेतू वाईट नव्हता. एका खोलीत तिघे-चौघे, मेस एक, न्हाणीघर सामाईक. तिथे विषाणूला पसरायला कितीसा वेळ?

पण ‘घरी जा’ म्हणजे कुठे जा? दिंडोरी तालुक्यातला मुलगा पुण्याहून निघतो. सहा-सात तास भरल्या एसटीत बसतो, नाशिकला गाडी बदलतो आणि द्राक्षाच्या ऐन हंगामात दोन खोल्यांच्या घरात येऊन पोचतो. त्या दोन खोल्यांत आजी-आजोबाही असतात. करोनाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला चौदा दिवसही लागू शकतात आणि लक्षणे दिसण्याआधीही माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे वसतिगृहाची जोखीम संपली नाही, ती फक्त गावाच्या खात्यावर वर्ग झाली.

पुढे २५ मार्चपासून टाळेबंदी आली आणि जे निघाले नव्हते ते अडकले. राजस्थानातल्या कोट्यात शिकवणीसाठी गेलेली आपली मुले आणायला एप्रिलअखेर धुळ्याहून एसटीच्या गाड्या धाडाव्या लागल्या. आधी ‘निघा’, मग ‘हलू नका’, मग ‘आणायला येतो’!

कोणी म्हणेल, तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हते. रोगाबद्दल हे खरे आहे. पण वसतिगृहात किती मुले राहतात, ती कुठून आली आहेत, हे तर नोंदवहीत होते. शिवाय ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यातल्या शाळा-महाविद्यालयांना कुलपे लावायला लावलीच होती. तो धडा कोणत्या कपाटात गेला?

विद्यापीठाच्या सूचनापत्रात चार गोष्टी हव्यात. ताप-खोकला असलेल्याने प्रवास करू नये. त्याच्यासाठी वसतिगृहातच वेगळी खोली आणि डॉक्टर असावा. ज्याच्या घरी वेगळे झोपायला जागा नाही, त्याला राहण्याची मुभा असावी आणि त्याच्यासाठी मेस चालू ठेवावी. जो घरी जाईल त्याची खबर गावच्या आशा सेविकेला आधी मिळावी. आणि आजारपणात हजेरी बुडणार नाही, परीक्षा हुकणार नाही, हे स्पष्ट लिहावे. नाहीतर पोरगा अंगातला ताप लपवून गाडीत बसतो. २०२० साली अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही, हे २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ठरले. तोवर मुलांनी काय ठरवायचे होते?

नाशिकहून दिंडोरीला येताना म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागते. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत. साथ नसतानाच्या निवांत काळात इतर विद्यापीठांना बरोबर घेऊन असे सूचनापत्र तयार करायला याहून योग्य जागा कोणती? सूचना मोबाइलवर पाठवून भागणार नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रेंज नसते. ती एसटी स्थानकावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. खाली दिलेला फोन उचलणारा माणूसही हवा.

२०२० साली आपण बाहेर काढलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. प्लेग जिवाणूचा आणि करोना विषाणूचा. पण घाबरलेल्या सरकारची रीत तीच. त्या वर्षी पुण्यात घरांच्या झडत्या घेत सोल्जर हिंडले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्यातच १० मार्चला त्या गेल्या. दिंडोरीतली महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला २०१४ साली त्यांचे नाव मिळाले. पुढची साथ येईल तेव्हा त्या नावाखाली निघणारे पत्र ‘खोली रिकामी करा’ एवढेच सांगणारे नसावे.