ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर : वऱ्हाडची लढाई आणि इंचभर पगड्यांचा प्रश्न (थ्रेड)

दिवाळी आली की अमरावती-अकोल्याच्या अंगणांतही मातीचे किल्ले उभे राहतात आणि साच्यातून निघालेले मावळे त्यांच्या तटांवर चढतात. त्यांच्या जोडीला आता आणखी एक हौस आली आहे. सहा इंची, हातपाय हलणाऱ्या परदेशी बाहुल्यांचा मूळ वेश उतरवून त्यांना स्वतःच्या हाताने ऐतिहासिक वेश चढवणारे तरुण गावोगाव दिसू लागले आहेत. अंगरखा नीट जमतो, तलवार जमते, ढालीवरची फुलेही जमतात. घोटाळा होतो तो डोक्यावर. शतक कोणतेही असो आणि किल्ला कोणताही असो, मराठा म्हटला की भगवा फेटा आणि इंग्रज म्हटला की सोला टोपी.

यावर आक्षेप घेतला की ठरलेले उत्तर मिळते : तपशिलाचे काय एवढे, भावना महत्त्वाची.

ही भावना नेमकी कोणाविषयी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्यांच्याविषयी ती आहे त्यांना टोपीचा तपशील फार महत्त्वाचा वाटत होता. जुन्या मराठी राजव्यवहारात युरोपीयांना ‘टोपीकर’ म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस ही सारी मंडळी याच एका शब्दाखाली येतात. परक्या सत्तेची ओळख डोक्यावरच्या वस्तूवरून सांगणारी ही भाषा. तिचे वारस आज १८०३ सालच्या शिपायाला १८५७ नंतरची टोपी घालतात आणि त्याला इतिहासप्रेम म्हणतात.

वऱ्हाडचाच दाखला घ्यावा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, अडगावच्या मैदानात लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज होती. तिचे नेतृत्व त्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते आणि सोबतीला शिंद्यांचे घोडदळ होते. समोर आर्थर वेलस्ली. ही लढाई कोणी सहा इंची बाहुल्यांनी मांडली तर ‘इंग्रज’ म्हणून किती जणांना हॅट द्यावी लागेल? वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या पलटणी तीनच होत्या : ७४वी, ७८वी आणि ९४वी. गोऱ्या घोडेस्वारांचे पथक एक, १९वे. उरलेले पायदळ मद्रास इलाख्यातील देशी शिपायांचे होते आणि डाव्या अंगाला म्हैसूरचे व निजामाचे स्वार होते. म्हणजे लाल डगल्यातील बहुतेक डोकी हॅटवाली नव्हतीच. मद्रासी शिपायाच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेले, पगडीच्या जातीचे ताठ शिरोवस्त्र असे. लाल डगला दिसला की खेळण्याला सोला टोपी घालणारा हात या हजारो माणसांना एका फटक्यात गोरे करून टाकतो. वऱ्हाड जिंकून देणाऱ्या फौजेत बहुसंख्य हिंदी माणसेच होती, ही अप्रिय गोष्ट मग सोयीस्करपणे झाकली जाते.

याच मद्रासी शिपायांनी टोपीसाठी रक्त सांडले आहे. अडगावनंतर दोनच वर्षांनी, १८०५ च्या अखेरीस, मद्रास फौजेत नव्या धाटणीच्या शिरोवस्त्राचा हुकूम निघाला. ते हॅटसारखे दिसे आणि त्यावर कातड्याचा तुरा होता. सोबत कपाळावरचे गंध पुसण्याचे आणि दाढी काढण्याचे फर्मान होते. शिपायांच्या दृष्टीने ही टोपीकर होण्याची पहिली पायरी होती. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. ६९व्या पलटणीचे शंभराहून अधिक गोरे सैनिक मारले गेले आणि बंड मोडताना त्याहून कितीतरी अधिक शिपाई कापले गेले. हुकूम मागे घ्यावा लागला. गव्हर्नर विल्यम बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक या दोघांनाही विलायतेला परत बोलावण्यात आले. ‘एवढ्याशा टोपीने काय बिघडते’ हे वाक्य त्या दोघांनीही मनातल्या मनात म्हटले असेल.

आता सोला टोपीविषयी. ‘सोला’ म्हणजे आपल्याकडचे भेंड, पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा पांढरा हलका गाभा. लग्नातील बाशिंगांना मराठी घरांनी हेच भेंड वापरले. त्याची टोपी हिंदुस्थानातील गोऱ्यांमध्ये पसरली ती १८४० च्या आसपास आणि लष्करात पक्की झाली ती १८५७ नंतर. वेलस्लीच्या काळी गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर उन्हासाठी रुंद कडेची गोल हॅट सर्रास असे. म्हणजे गाविलगडाच्या खिंडारात शिरणाऱ्या बाहुलीला सोला टोपी घालणे हे पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या हाती दुर्बिणीची रायफल देण्यासारखेच आहे.

हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूवर लढला. वॉटर्लूच्या प्रत्येक पलटणीची टोपी, तिच्यावरचा पत्रा, तुऱ्याचा रंग, सारे छोट्या बाहुल्यांसाठी जगभर तयार मिळते. आपल्याकडचे हौशी तरुणही त्या शाको टोप्यांवर तासन्‌तास वाद घालतात. त्याच सेनापतीने बारा वर्षांपूर्वी अकोटपासून फार लांब नसलेल्या मैदानात लढाई दिली, तिथल्या टोप्यांची चौकशी करण्याची मात्र कोणाला गरज वाटत नाही. फ्रेंचांच्या अस्वलकातडी टोपीची उंची ज्याला सेंटिमीटरमध्ये पाठ आहे, त्याला नागपूरकरांच्या फौजेतील अरबाच्या डोक्यावर काय होते हे माहीत नसते. मुळात त्या फौजेत अरब होते, हेच माहीत नसते.

मराठ्यांची बाजूही एकरंगी नव्हती. अडगावात ७४व्या आणि ७८व्या पलटणीवर निकराने तुटून पडलेले पायदळ परदेशी होते. वेलस्लीने त्यांना इराणी मानले, इतरांनी अरब म्हटले. ते जवळजवळ सगळे तिथेच पडले. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला तेव्हा किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत होता आणि आपल्या माणसांसह लढत मेला. त्याला भगवा फेटा बांधणारे त्याला मराठा करतात, पुणेरी पगडी घालणारे त्याला सदाशिव पेठेत नेऊन ठेवतात. दोन्हीकडे मान राखल्याचा भाव असतो, मान मात्र कापलेली असते. पुणेरी, शिंदेशाही, होळकरी यांचे घाट वेगळे होते. जाणता माणूस घाट पाहून समोरचा कोणत्या दरबारचा ते ओळखी. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही तिने साऱ्या महाराष्ट्राच्या डोक्यावर बसावे म्हणून नव्हे.

साच्यातले मावळे करणाऱ्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या साच्यात डोके आणि पागोटे एकत्रच ओतले जाते. एका साच्यातून एकच पागोटे निघणार, आणि वीस-पंचवीस रुपयांच्या बाहुलीत त्याने संशोधन करावे ही अपेक्षा करणारा मनुष्य कद्रू म्हणावा लागेल. सुटी टोपी करणाऱ्या हौशी तरुणाला ही सबब नाही. त्याने तर टोपी डोक्यापासून वेगळी करण्याचाच उद्योग आरंभला आहे. प्रत्येक डोक्याला त्याचे स्वतःचे पागोटे देण्याची मोकळीक त्याला मिळाली आहे आणि तो ती भगव्या चिंधीवर उधळतो.

अडचण खरी आहे, पण ती हातांची आहे. सहा इंची बाहुली माणसाच्या बाराव्या हिश्श्याची. छप्पन्न सेंटिमीटर घेराचे डोके तिथे पावणेपाच सेंटिमीटरचे होते आणि आठ मीटरचा फेटा सदुसष्ट सेंटिमीटरचा. लांबी अशी कमी होते, कापडाची जाडी मात्र बारा पटींनी कमी होत नाही. हिशेबाने कापलेली पट्टी गुंडाळली की बाहुलीच्या डोक्यावर लाल भोपळा बसतो. म्हणून आतला गाभा एम-सीलचा करावा. डोक्याला आधी पातळ प्लॅस्टिक गुंडाळले की तो नंतर सुटा निघतो. वरचे दोन-तीनच वेढे जुन्या मलमलीच्या चिंधीचे, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेले. ही झाली बांधलेल्या फेट्याची रीत. पगडी ही बांधून शिवून तयार ठेवलेली वस्तू, टोपीसारखी घालायची आणि काढायची. तिच्यावर चिंधी गुंडाळून चालत नाही. ओल्या गाभ्यावर पीळ दिलेला दोरा शेजारी शेजारी बसवत जावे लागते. फेटा आणि पगडी यांतला हा फरक पुस्तकातून वाचून जितका कळतो त्याहून बोटांना अधिक लवकर कळतो. मद्रासी शिपायाचे शिरोवस्त्र त्या मानाने सोपे : उदबत्तीच्या काडीचे सोललेले तुकडे, वर ताणलेले एकेरी कापड. रंगाविषयी खात्री नसेल तिथे कापड कोरे ठेवावे. कोरे कापड खोटे बोलत नाही.

अमरावती जिल्ह्याच्या माणसाला तर हे सांगावेच लागू नये. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीचे ‘गाडगेबाबा’ हे नावच त्याच्या गाडग्यावरून पडले. त्यातच भाकरी घ्यायची आणि चालताना तेच डोक्यावर उपडे घालायचे. त्या खापराच्या जागी स्वच्छ पांढरी टोपी ठेवली, तर खालची बाहुली कोणाची हे कोण ओळखील?

१७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. वऱ्हाड निजामाकडे गेले, गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांना परत मिळाले. यंदा ज्याला रायगड-प्रतापगडाऐवजी गाविलगड करायचा असेल त्याने आतल्या दरवाजाशी बेनीसिंग आणि त्याचे रजपूत उभे करावेत. आतल्या तटाला शिडी लावणारी ९४व्या पलटणीची तुकडी गोल हॅटांत दाखवावी. बाहेरच्या खिंडारापासून खाली लबाडा गावाच्या बाजूपर्यंत जी रांग लागेल, तिच्यासाठी मद्रासी पागोटी भरपूर करून ठेवावीत. तीच सर्वांत जास्त लागतील.