माहूरचा पत्ता बदलताना

मंडळी, स्पष्टच सांगतो. "साईटचं डोमेन बदलतोय, गुगलमधला नंबर जाणार नाही ना?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो, बदलताय कशाला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नवीन नाव जरा भारी वाटतं." एवढंच कारण असेल तर माझं मत आहे, नका बदलू.

सध्याचं निमित्त म्हणजे एका दोस्ताच्या काकांचं माहूरचं लॉज. साधीच साईट आहे. खोल्यांचे दर, रेणुकामातेच्या गडावर कसं जायचं, दत्तशिखर आणि अनसूया एका दिवसात होतं का, किनवटला रेल्वेनं उतरलं तर पुढे काय, नवरात्रात गाडी कुठे लावायची. पण नेमकं हेच लोक शोधतात, त्यामुळे साईट वर दिसते आणि खोल्या भरतात. आता घरच्या तरुण मंडळींना छोटं, चकाचक डोमेन हवंय. आणि मुहूर्त कोणता? घटस्थापनेच्या आठ दिवस आधी!

गुगल काकांना ओळखत नाही, पत्त्याला ओळखतं. कुणी प्रवासवर्णनात लिंक दिली, कुणी माहितीच्या पानावर दिली, त्यातून जी पत जमली ती त्या जुन्या पत्त्याच्या नावावर जमा आहे. ती नव्या खात्यात वळवायची सोय म्हणजे ३०१ रीडायरेक्ट: "हे पान कायमचं तिकडे गेलं." त्याचा भाऊ ३०२ म्हणतो "तात्पुरतं गेलंय". पुष्कळदा होस्टिंगवाला डीफॉल्ट म्हणून हाच लावून देतो आणि कुणी बघत नाही.

त्याहून नेहमीचा घोळ म्हणजे जुनी सगळी पानं नव्या साईटच्या होमपेजवर ढकलून देणं. दत्तशिखराचा रस्ता विचारणाऱ्याला लॉजच्या काउंटरवर आणून उभा करायचा, असला प्रकार. गुगल अशा पानांना 'सापडलं नाही' याच वर्गात टाकतं, म्हणजे पत गेलीच. प्रत्येक जुन्या पानासमोर त्याच विषयाचं नवं पान, अशी एक्सेल शीट बसून करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम तेच.

मराठी साईटला यात एक जादा डोकेदुखी. यूआरएलमध्ये 'माहूर' लिहिलं की आत त्याचं भलतंच सोंग होतं. पाच युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, एकूण ४५ अक्षरांची टक्केवाली माळ. शिवाय कुणी 'माहूर' लिहितं, कुणी 'माहुर'. आपल्याला एकच गाव, सर्व्हरला दोन वेगळे पत्ते. दोन्ही शीटमध्ये हवेत. (जुन्या महानुभाव ग्रंथांत या गावाला मातापूर म्हटलंय. तिथून कुणी येणार नाही, म्हणून तो सोडा :))

आता मराठी ब्लॉगवाल्यांनी सोसलेलं उदाहरण. २०१२ साली गुगलनं भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून ब्लॉगस्पॉट डॉट इनवर वळवायला सुरुवात केली. ब्राउझरमध्ये 'डॉट इन' दिसायचं, मग लोकांनी तोच पत्ता कॉपी केला. इमेलमध्ये, फोरमवर, विकिपीडियाच्या तळटीपांत. २०१८ मध्ये हे वळवणं बंद झालं. आणि २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन या डोमेनची मुदत संपली, गुगलच्या हातून ते सुटलं आणि भलत्याच कुणीतरी घेतलं. ब्लॉग शाबूत होते, 'डॉट कॉम'वर. सर्चमध्येही फार बिघडलं नाही, कारण ब्लॉगरनं आतून कॅनॉनिकल टॅग लावून 'मूळ पत्ता डॉट कॉम' असं सांगून ठेवलं होतं. पण माणसांनी एकमेकांना दिलेल्या लिंका मेल्या. रँकिंग वाचलं, वाटा तुटल्या. गुगलकडे पैसे नव्हते म्हणून हे झालं नाही. जुन्या पत्त्याची काळजी घेणं कुणाच्याच कामात बसत नाही, म्हणून झालं.

आणि म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह रँकिंगचा नाहीच. जुनं डोमेन सोडू नका! गुगल म्हणतं रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, जमेल तितकं जास्त ठेवा. मी म्हणतो, धंदा आहे तोवर ठेवा. वर्षाला हजार-दीड हजाराचा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं यात्रेकरूंच्या बुकिंगमधल्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता: खोट्या साईट, खोटी गेस्ट हाऊस, पैसे भरले की फोन बंद. अशा माणसाला नवं नाव कमवायचीही गरज नाही, तुम्ही सोडलेलं डोमेन घेतलं की झालं. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता, जुन्या लिंका तिकडेच जाणार. लातूरहून रात्री निघालेलं कुटुंब आगाऊ पैसे भरून पहाटे काकांच्या दारात उभं राहील आणि भांडेल काकांशीच.

ज्यांना बदलणं भागच आहे त्यांची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांच्या डोमेनमध्येच शहराचं नाव, त्यांच्यापुढे प्रश्न आला. तिथल्या विद्यापीठाचं डोमेन 'बामू', म्हणजे स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं, त्यामुळे शहराच्या नामांतरानं त्याला धक्का लागायचं कारण नव्हतं. बदलणाऱ्यांनी एवढं करावं की नव्या पानांवर जुनं नावही राहू द्यावं, कारण लोक सवयीनं तेच टाइप करत राहतात.

बाकी काम पटापट सांगतो. सर्च कन्सोलमध्ये दोन्ही डोमेन सिद्ध करा आणि 'पत्ता बदलला' हे टूल वापरा. रीडायरेक्टची साखळी करू नका, जुन्यावरून थेट नव्यावर. डिझाईन आणि डोमेन एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर नंबर पडला तर दोष कशाचा ते कळणारच नाही. आणि सगळं नीट केलं तरी काही आठवडे वरखाली होतंच. म्हणून नवरात्राच्या तोंडावर नाही. दत्तजयंतीची गर्दी उरकली की मग, हे काकांना पटलंय. पुतण्याला अजून नाही.

गुगल मॅप्सवरच्या नोंदीतली लिंक बदला, व्हॉट्सअॅपवरची बदला, आणि ज्या दोन-चार ब्लॉगवाल्यांनी लॉजचा उल्लेख केलाय त्यांना साधा इमेल टाका. नवा पत्ता द्या, बदलायची विनंती करा. उत्तर येतं, आणि बहुधा त्यात "नवरात्रात खोली मिळेल का?" हेही असतं.