नाते मोजायचे, तर ग्रामसभेच्या मापाने!

शिरपूर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीत पावरा व भिल्ल समाज पिढ्यान्पिढ्या राहतो. तालुक्याचा हा पट्टा पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासींसाठी शासन काय करते, असे विचारले की प्रशासन शिबिरे, दाखले आणि निधी यांचे आकडे पुढे करते. पण देणाऱ्यानेच आपल्या दातृत्वाचे माप काढायचे, ही कुठली मोजदाद?

शिरपूरला मोजमाप नवीन नाही. पाणी अडवण्याच्या ‘शिरपूर पॅटर्न’चे यश लोकांनी विहिरीला किती पाणी चढले यावरून ठरवले. मग शासनावरचा विश्वास किती चढला, हे कोण पाहणार?

त्याचे माप कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले; महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ साली, अठरा वर्षांनी! २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची पडताळणी ग्रामसभेपासून सुरू होते. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. दावा नाकारला तर कारण कळवावे लागते आणि ६० दिवसांत अपील करता येते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारलेल्या दावेदारांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला तो स्थगित करून, दावे नाकारताना रीतसर कार्यपद्धती पाळली का, याचा खुलासा न्यायालयाने राज्यांकडून मागितला. कारण न कळवता दिलेला एक नकार एका कुटुंबाचे शेत हिरावू शकतो.

ऑस्ट्रेलियात २०२० साली सरकारांनी तेथील आदिवासी संघटनांशी करार करून निर्णयात वाटा देण्याचे वचन दिले. २०२४ साली तेथील उत्पादकता आयोगाने कारभार फारसा बदललेला नाही, असे स्पष्ट सांगितले. वचनाची तपासणी झाली, म्हणूनच ते उघडे पडले.

आम्ही म्हणतो, प्रत्येक ग्रामसभेने नोंदवही ठेवावी. किती ठरावांना लेखी उत्तर आले? किती दिवसांनी आले? नकाराचे कारण दावेदाराला त्याच्या पावरी बोलीत समजावले का? वडीलधाऱ्यांचा जबाब विचारात घेतला का? पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपाल अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना देतात. ही नोंदवही त्या अहवालाला जोडली जावी.

बाबासाहेबांच्या संविधानाने आदिवासींना नागरिक मानले, लाभार्थी नव्हे. नागरिकाच्या ठरावाला उत्तर न देणाऱ्या शासनाने नात्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?