आतली बोरं, बाहेरची बोरं

पाया बहात्तर इंच, उंची पावणेशेहेचाळीस, कोपऱ्याच्या चार तिरप्या पट्ट्या साडेअडुसष्ट. वहीच्या पानावरचा हा हिशेब मी सुतारापुढं ठेवला. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पान उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "गुरुजी, देवघर का खुराडं?"

ध्यानाला बसायचं पिरॅमिड, म्हटल्यावर तो हसला नाही. "दार कुठंय?" एवढंच म्हणाला. नुसता सांगाडा आहे, दोन पट्ट्यांच्या मधून वाकून आत शिरायचं, हे पटायला त्याला चहा लागला.

खरी कसोटी टोकाशी. पायाचे कर्ण सारखे भरले, पाया गुण्यात आला. पण वर चार पट्ट्या एका बिंदूत आणायच्या, तिथं गुण्या काय कामाचा? एक काप सूतभर चुकला की शेंडा एका अंगाला कलतो. दोनदा कलला. त्यात पिरॅमिडवाल्यांना लोखंड वर्ज्य, म्हणून बांबूच्या खुंट्या आणि फेव्हिकॉल. फेव्हिकॉल इजिप्तमध्ये होता का, हे सुतारानंच विचारलं.

मापं खुफूच्या पिरॅमिडची. गिझाचा तो डोंगर २३० मीटर पायाचा आणि मुळात १४६ मीटर उंच. उतार बावन्न अंशांना जरा कमी. तेच प्रमाण मोडनिंबच्या माडीवर आणलं. वास्तविक ती राजाची कबर; ध्यानाशी तिचा संबंध आपल्याकडं जोडला तो मुख्यतः सुभाष पत्रींच्या चळवळीनं, १९९० साली कर्नूलहून. त्याआधीची हवा युरोपातली. १९५९ मध्ये कारेल द्रबाल या चेक रेडिओ तंत्रज्ञानं पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली दाढीचं ब्लेड ताजं राहतं म्हणून चक्क पेटंट मिळवलं. पेटंट मिळालं म्हणजे धार आली असं नव्हे, पण माणूस आवडला.

मी ब्लेड वापरत नाही. आमच्याकडं हिवाळ्यात बोरांना काय तोटा? दहा उमराण बोरं निवडली; पाच सांगाड्याच्या आत, पाच खिडकीत. आतली टिकतील, असं पुस्तकात होतं. पंधरा दिवसांत दोन्हीकडची सारखीच सुरकुतली. सोलापूरची कोरडी हवा दोघांनाही सोडत नाही.

तरी मी बसतो. पहाटे पंढरपूरकडची गाडी शिटी देते, गावात अजून रॉकेल... नाही, रॉकेलचे दिवस गेले, गॅसच्या शेगड्या पेटायच्या असतात. डोक्याच्या उंचीवर चारही बाजूंनी पट्ट्या जवळ येतात, दीड फुटाची मोकळीक उरते. मान हलवली की लाकूड लागतं. म्हणून हलवत नाही. माझ्यापुरती पिरॅमिडची शक्ती ती एवढीच, आणि ती पुरते.

प्रयोगाची नोंद मात्र अर्धवट राहिली. शेवटच्या दिवशी मोजायला गेलो तर आत तीनच बोरं. नातीला विचारलं.

"आतली गोड होती आजोबा," ती म्हणाली. "बाहेरची खाऊन बघितली नाहीत."