शिल्लक असेल तो सहभागी

अमेरिकेत छोटा उद्योग चालविणाऱ्या मराठी कुटुंबांना दरवर्षी एक वरकरणी सोपा प्रश्न सोडवावा लागतो : कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती-बचत योजनेत सहभागी किती? १९७४ च्या 'एरिसा' कायद्याखालील ४०१(के) योजनेसाठी मालकास फॉर्म ५५०० हे वार्षिक विवरण द्यावे लागते. सहभागी १०० वा अधिक असतील तर योजना 'मोठी' ठरते आणि विवरणासोबत स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल जोडावा लागतो. लहान योजनेस, काही अटी पाळल्यास, यातून सूट मिळते. लेखापरीक्षणाचे शुल्क हजारो डॉलरांत जात असल्याने ही मोजणी केवळ कारकुनी बाब राहत नाही.

२०२२ पर्यंत पात्र असलेला प्रत्येक कर्मचारी मोजला जाई, मग त्याने एक डॉलरही भरलेला नसो. १ जानेवारी २०२३ पासून सुरू होणाऱ्या योजना-वर्षांसाठी मात्र वर्षारंभी ज्यांच्या खात्यात शिल्लक आहे तेच मोजले जातात. हा बदल रास्तच म्हणावा लागेल. समजा, एका उद्योगात पात्र कर्मचारी १३०, पैकी ७० जणांचीच खाती भरलेली, आणि नोकरी सोडलेल्या २० जणांची रक्कम योजनेतच पडून. जुन्या पद्धतीने संख्या १५० होई. नव्या पद्धतीने ती ९० भरते.

त्या २० जणांकडे मालकाचे हमखास दुर्लक्ष होते. माणूस गेला तरी त्याचे खाते गेलेले नसते. बँकेच्या खतावणीत निष्क्रिय खातेही मोजावेच लागते, तसेच हे. योजनेच्या नियमांत तरतूद असल्यास अशी ७,००० डॉलरपर्यंतची शिल्लक संमतीविना योजनेबाहेर काढता येते. २०२४ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती. शिवाय संख्या ८० ते १२० च्या दरम्यान असेल तर गतवर्षीचाच वर्ग कायम ठेवता येतो, म्हणजे लहान योजना १२१ व्या सहभागीपर्यंत लहानच राहू शकते.

मालकाचा खर्च वाचला; कर्मचाऱ्याचे काय? वेतनातून कापलेली रक्कम वेळेवर खात्यात जमा झाली का, हे लेखापरीक्षक तपासतो. वरील उदाहरणातील उद्योगात ती तपासणी आता होणार नाही. तेथे नोकरी करणाऱ्याने तिमाही खातेपत्रक वेतनचिठ्ठीशी स्वतः ताडून पाहावे. फॉर्म ५५०० अमेरिकी श्रम खात्याच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो, आणि सहभागींची संख्या त्यात नोंदलेली असते.