एका कळीसरशी तीन दारे

रात्री निजण्यापूर्वी घरातील कोणीतरी साऱ्या दारांच्या कड्या चाचपून पाहते. मोटारीच्या बाबतीत मात्र इतकी दक्षता आपल्या हातून क्वचितच घडते. बाजारात गाडी उभी करावी, हातात पिशव्या असाव्यात, बरोबर मुले असावीत. चालकाचे दार किल्लीने बंद होते आणि मागचे डावे दार तसेच राहून जाते. धावत्या गाडीतील गोष्ट तर याहून गंभीर आहे. मागे बसलेले मूल दाराच्या मुठीशी खेळत असते आणि त्या दाराचे लॉक लागले आहे की नाही, हे चालकाला मान मागे वळविल्यावाचून समजत नाही.

अलीकडच्या गाड्यांत ही चिंता उरलेली नाही. विजेवर चालणारी कुलपे १९५६ साली अमेरिकेतील पॅकार्ड गाड्यांत दिसू लागली आणि पुढे हळूहळू ती सर्वत्र रूढ झाली. परंतु १९८३ साली रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली मारुती ८०० किंवा तिच्यासारखी साधी, जुनी गाडी आजही अनेक कुटुंबे जिव्हाळ्याने सांभाळून आहेत. अशा गाडीत ही सोय थोड्या खर्चात घरच्या घरी कशी करता येईल, ते आज पाहू. मात्र जिची वॉरंटी चालू आहे, किंवा जिच्या दारांत मुळातच विजेची गुंतागुंतीची यंत्रणा आहे, अशा गाडीच्या वाटेस वाचकांनी जाऊ नये.

या साऱ्या योजनेचे मर्म एका साध्या गोष्टीत आहे. दाराच्या आत लॉकची एक बारीक पोलादी दांडी असते. ती एका बाजूस सरकली की लॉक लागते, उलट सरकली की सुटते. हे काम आपण बोटाने करतो. तेच एका छोट्या मोटरकडून करून घ्यावयाचे. या मोटरच्या डबीला बाजारात ‘अ‍ॅक्च्युएटर’ म्हणतात. तिला दोन तारा असतात. एका तारेला धन आणि दुसरीला ऋण टोक जोडले की तिचा दांडा सुमारे दोन सेंटिमीटर बाहेर येतो. टोके उलटी जोडली की तो आत जातो. दिल्लीचे काश्मीरी गेट, बंगळूरचा जे. सी. रोड, चेन्नईचे पुदुपेट किंवा आपल्या गावातील मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान, येथे ही डबी सहज मिळते.

आपण तीनच दारांना अ‍ॅक्च्युएटर बसवू. चालकाचे दार पूर्वीप्रमाणे किल्लीचेच राहू द्यावे. उतरण्यापूर्वी कळ दाबावी, तिन्ही दारे बंद व्हावीत, मग आपले दार किल्लीने लावावे. यात दोन लाभ आहेत. मांडणी सोपी राहते, आणि बॅटरी उतरली तरी एक दार नेहमीच्या किल्लीने उघडते.

साहित्य असे: १२ व्होल्टचे तीन अ‍ॅक्च्युएटर, पाच टोकांचे दोन रिले, दोन्ही बाजूंस दबणारी आणि बोट काढताच आपोआप मधोमध येणारी एक कळ, १५ अँपिअरचा फ्यूज, दीड चौरस मिलिमीटरची मोटारीची वायर, आणि दार व खांब यांच्यामधील वायरींसाठी रबरी नळ्या.

प्रथम बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. मग दाराचे पॅड उतरवावे. काच वरखाली करण्याचा दांडा, मुठीचे स्क्रू आणि पॅडच्या कडेच्या प्लॅस्टिक क्लिपा क्रमाने काढल्या की ते मोकळे होते. आतील प्लॅस्टिकचा कागद फाडू नये. दारात झिरपणारे पाणी तो अडवितो. काम संपल्यावर तो पुन्हा चिकटवावयाचा आहे.

आता काच पूर्ण खाली घेऊन ती कोठवर येते ते पाहावे. अ‍ॅक्च्युएटर काचेच्या वाटेत येता कामा नये. त्याची जागा अशी निवडावी की त्याचा दांडा लॉकच्या दांडीला समांतर राहील. तिरपा राहिला तर मोटर अडखळते. भोक पाडण्यापूर्वी काच पुन्हा वर न्यावी आणि ड्रिलचे टोक फार आत जाऊ देऊ नये. मग डबी पट्टीने घट्ट बसवून सोबतच्या बारीक सळईने व चिमट्याने दोन्ही दांड्या जोडाव्यात. जोडणी झाल्यावर लॉक हाताने लावून व काढून पाहावे. ते पूर्वीसारखे सहज हलले पाहिजे. जे हाताला जड जाते, ते मोटरलाही जड जाते.

रिलेच्या टोकांवर अंक छापलेले असतात. ३० हे मधले टोक. ते विश्रांतीत ८७ए ला आणि रिले ओढला गेला की ८७ ला जोडले जाते. ८५ व ८६ ही आतील वेटोळ्याची टोके. बॅटरीच्या धन टोकापासून निघणारी वायर प्रथम फ्यूजमधून न्यावी. हा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका निकट असावा. तेथून ती दोन्ही रिलेंच्या ८७ व ८६ टोकांना द्यावी. दोन्ही ८७ए टोके गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडावीत. पहिल्या रिलेचे ३० हे टोक तिन्ही अ‍ॅक्च्युएटरांच्या एका रंगाच्या तारेला आणि दुसऱ्याचे दुसऱ्या रंगाच्या तारेला द्यावे. कळीचे मधले टोक अर्थला आणि बाजूची दोन टोके दोन रिलेंच्या ८५ ला जोडावीत.

हे कसे चालते ते समजून घेतल्यास चूक शोधणे सोपे जाते. कळ मोकळी असताना मोटरच्या दोन्ही तारा अर्थला असतात. प्रवाह वाहत नाही. एका बाजूस कळ दाबली की एका तारेला धन प्रवाह मिळतो, दुसरी अर्थलाच राहते आणि दांडा सरकतो. दुसऱ्या बाजूस दाबली की सारे उलट होते. कळ क्षणभरच दाबावी. दांडा टोकाला पोचल्यावरही प्रवाह चालू राहिला तर मोटर तापते. याच कारणास्तव दाबलेली तशीच राहणारी साधी कळ येथे कधीही वापरू नये.

दाराच्या बिजागरीजवळील वायर हे या कामातील सर्वांत नाजूक स्थान आहे. दार उघडताना व मिटताना ती वाकते आणि उघड्या पत्र्यावर घासली तर काही महिन्यांत तिचे आवरण सोलवटते. म्हणून ती रबरी नळीतूनच न्यावी आणि दार पूर्ण उघडल्यावरही ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी.

पॅड बसविण्यापूर्वी बॅटरी जोडून कळ दाबावी. एखादे दार इतरांच्या उलट वागले, तर त्या दारातील दोन तारांची अदलाबदल करावी.

एवढे झाल्यावर एक शेवटचे काम उरते आणि ते पान्ह्याने होणारे नाही. एका कळीसरशी दारे बंद करण्याची शक्ती हाती आली की तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान एका तासात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढल्याचे आढळले, आणि त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातील होती. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. नागपूर किंवा जयपूर येथील वैशाखाची कल्पना वाचकांनीच करावी. म्हणून ‘दोन मिनिटांत येतो’ असे म्हणून मुलाला गाडीत कधीही ठेवू नये आणि किल्ली त्याच्या खेळण्यात जाऊ देऊ नये.

मागच्या दारांना बालकांसाठीचे निराळे लॉक असल्यास ते लावलेले असताना दार आतून उघडत नाही, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे. आजी-आजोबांसह प्रत्येकाला आपापल्या जागेवर बसवून, विजेच्या मदतीवाचून लॉक कसे काढावयाचे आणि बाहेर कसे यावयाचे, हे एकदा करून दाखवावे व त्यांच्याकडून करवून घ्यावे. गाडी चिखलात अडकली, पाण्यात शिरली वा बॅटरी बंद पडली, तर त्या प्रसंगी कळ उपयोगी पडेलच असे नाही. हाताची सवय मात्र उपयोगी पडते. हा सराव झाला, म्हणजेच काम पूर्ण झाले असे समजावे.